चित्र उशिरा येतं

३ मार्च

पोचले एकदाची! टॅक्सीवाल्याने दोनदा भलत्याच गल्लीत नेलं, दोन्ही वेळा स्वतःच्या फोनलाच झापलं, आणि भरपाई म्हणून माझी मोठी बॅग पार पायऱ्यांपर्यंत आणून दिली. घर चढाच्या टोकाला आहे. दुमजली, फिक्या पिवळ्या रंगाचं. दार काकूंनी उघडलं. त्या चष्मा शोधत होत्या आणि चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. मी सांगितलं तेव्हा इतक्या मनापासून हसल्या की इथे आपलं जमणार, असं मला उंबऱ्यातच वाटून गेलं.

काका पुलांची तपासणी करायचे, आता निवृत्त आहेत. अजूनही घरात शिरताना चौकटीवर हात फिरवतात, तडा आहे का बघायला. काकूंचं औषधांचं दुकान होतं, ते गेल्या वर्षी बंद केलं. दोघांनीही मला चहाच्या आत अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आणलं. बरं वाटलं. स्टुडिओत इतकी वर्षं मला सगळे ‘कात्री’ म्हणत, कारण लग्नांच्या फिल्मा कापायचं काम माझ्याकडे होतं. इथे मी नुसती ‘अगं’ आहे.

झोपायला मागची छोटी खोली दिली आहे. काम मात्र वर, जिन्यालगतच्या मोठ्या खोलीत करायचं, कारण नेटची जाड तार तिथवरच आली आहे. तिथलं टेबल खिडकीला लावलेलं, प्रशस्त. एवढं मोठं टेबल मला जन्मात पहिल्यांदाच मिळालं. टेबल त्यांच्या मुलीचं.

४ मार्च

आज काम समजावून सांगितलं. मुलगी एकुलती एक. घरात तिला बबडी म्हणत, सव्वीस वर्षांची झाली तरी बबडीच. तिला लहानपणापासून झटके यायचे. एकदा आंघोळीहून येताना जिन्यात पडली, तेव्हापासून काकांनी प्रत्येक खोलीत कॅमेरा लावला. कुठेही पडली तरी खाली पडद्यावर कुणाला तरी दिसेल आणि धावत जाता येईल, हा हेतू. बबडीने कुरकुर केली, मग सवय झाली तिला.

ती गेल्या वर्षी गेली. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

या सगळ्या वर्षांचं चित्रण जिन्याखालच्या कपाटात एका काळ्या डब्यात साठवलेलं आहे. भाजीच्या टोपलीएवढा डबा, समोर हिरवे दिवे, आत चार डिस्का. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना, टीव्हीला, फोनला तो जोडलेला आहे. नेटवर्कवाला त्याला ‘नॅस’ म्हणतो. काकूंनी ते ‘नस’ असं ऐकलं आणि अजून तसंच म्हणतात. आपल्या घराची नस. मला हा शब्द जास्त आवडला.

काकांनी त्यातलं कधी काही पुसलं नाही. कॅमेरेही बंद केले नाहीत, ‘हात होत नाही,’ म्हणाले. त्यामुळे डबा गळ्यापर्यंत भरलाय. माझं काम एवढंच की जुनं चित्रण बघायचं, ज्यात नुसती रिकामी खोली आहे ते कापून टाकायचं आणि ज्यात बबडी आहे ते ठेवायचं.

कठीण नाही. दुसऱ्यांची माणसं बघत बसणं मला जमतं. आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात मी कुणाच्या तरी लग्नाची वरात कापत होते. धाकटी बहीण अजून फोनवर म्हणते, तू रडलीच नाहीस. खरंय. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात ना, तसं झालंय. फक्त ते उतरत नाही.

६ मार्च

बबडी गणिताच्या शिकवण्या घ्यायची, फोनवरून. टेबलाशी मांडी घालून, खुर्चीतच. आज तिचा एक अख्खा तास ऐकला. पलीकडच्या मुलीला सांगत होती, ‘एक्सला एकटं पाड. त्याच्या आजूबाजूचं एकेक उचल आणि पलीकडे नेऊन टाक. मग तो निमूट आपली किंमत सांगतो.’ मला हसू आलं. मला असं कुणी शिकवलं असतं तर मी नापास झाले नसते.

चित्रण उघडायला फार वेळ लागतो. नाव दाबायचं आणि गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत राहायचं. मधेच चित्र थिजतं, बबडीचा हात हवेत तसाच राहतो. मग एकदम पुढे उडी.

म्हणून काकांनी नेटवर्कवाल्याला बोलावलं. गडी बोलघेवडा, कपाटात अर्धा आत शिरून बोलत होता. त्याने सांगितलं ते असं: हे डबे वीसेक टक्के रिकामे ठेवायचे असतात. त्याच्यावर भरले की त्यांची दमछाक होते. नवीन काही ठेवायचं तर सलग जागा नसते, मग डबा त्याचे तुकडे करतो आणि जुन्याच्या मधे जिथे जिथे फट सापडेल तिथे कोंबतो. परत दाखवायचं झालं की ते सगळे तुकडे हुडकून जोडायचे. म्हणून उशीर.

मी सहज विचारलं, जोडताना चुकत नाही का कधी? तो हसला. म्हणाला, बाई, तसं झालं असतं तर जगातल्या सगळ्या बँका बुडाल्या असत्या.

मोठ्या डिस्का घाला, असं सांगून गेला. काकांनी बघू म्हटलं.

९ मार्च

आज गंमत झाली. खालच्या बैठकीत भिंतीवर तो पडदा आहे ना, ज्यावर सगळ्या खोल्या एकदम दिसतात, तिथे मी चहाचा कप घेऊन आले. बघते तर पडद्यावर मी अजून स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, दूध उतू जाऊ नये म्हणून उभी. कप घेऊन मी इथे आणि दुधाकडे बघत मी तिथे. मी हसून काकूंना दाखवलं, की बघा, दोघी आहेत आता कामाला.

काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. मागून काकांनी सांगितलं, की डबा भरला की चालू चित्रही मागे पडतं. आधी डब्यात ठेवतो आणि मग दाखवतो, त्यामुळे.

दूध उकळेल एवढा उशीर. फार नाही.

१२ मार्च

जागा होतच नाही. गेले चार दिवस मी रिकाम्या खोल्या धडाधड कापते आहे आणि डबा जसाच्या तसा भरलेला. शेवटी डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून बघितलं. काकांनी एक सोय चालू करून ठेवली होती: डबा रोज स्वतःची एक खूणगाठ बांधतो, आणि पुसलेलं सगळं त्या गाठीत तसंच धरून ठेवतो. मी वरून काढत होते आणि तो खालून सांभाळत होता.

काकांना विचारलं. ते खजील झाले, विसरलोच म्हणाले. माझ्यासमोर बंद केली. दुपारपर्यंत बरीच जागा झाली, चित्रं सरसर धावायला लागली. मी खूश.

संध्याकाळी परत काठोकाठ. कशाने भरला, कळत नाही. एवढं तर आम्ही तिघं मिळून हललोसुद्धा नाही दिवसभरात.

१५ मार्च

हे नीट लिहून ठेवते.

डबा कशाने भरतोय ते शोधायला मी आजचंच सकाळचं चित्रण उघडलं. स्वयंपाकघर. मी टेबलाशी बसून चहात टोस्ट बुडवते आहे. मग चित्र थिजलं, गोल चकती फिरली, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा त्या खुर्चीत मी नव्हते. बबडी होती. टोस्ट तिच्या हातात होता. तिने तो खाल्ला, बोटं चाटली, खिडकीकडे बघितलं. पुन्हा चकती. पुन्हा मी.

तीनदा चालवून बघितलं. टेबलावर माझा फोन होता, नवीन कव्हरचा, जे मी इथे आल्यावर घेतलं. कॅलेंडरवर मार्च.

जुना तुकडा नव्यात शिरला म्हणावं, तर तो फोन?

मी घाबरायला हवं होतं. मी कप उचलला आणि विसळून ठेवला.

एक गोष्ट मात्र खटकते आहे. मला तो टोस्ट संपवल्याचं आठवत नाही.

१७ मार्च

काकांना दाखवलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी दोन दिवस थांबले होते. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, परत लाव. परत लावलं. परत. मग त्यांनी जिन्यातून काकूंना हाक मारली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली, लग्न नवीन असताना मारत असतील तशी.

काकू पडद्याला हात लावून उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘वाळलीय ग.’

मग काकांनी मला सांगितलं की काही दिवस काही कापू नकोस. तुझं काम चालूच समज. नुसती राहा. जेव, वाच, तुझं तू कर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना आश्चर्य वाटलंच नव्हतं. ते याचीच वाट बघत होते. डबा मोकळा झाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो परत कुणी भरला असेल, तेही लक्षात आलं. काका त्यात काय वाटेल ते ओतत होते, जुनी गाणी, पुलांचे नकाशे, एकच फाइल पुन्हा पुन्हा.

१९ मार्च

आज तीन वेळा. एकदा बागेच्या दारात, एकदा जिन्यात, एकदा टेबलाशी, बराच वेळ. प्रत्येक वेळी मी तिथे होते आणि चित्रणात मी नाही.

आणि प्रत्येक वेळी माझ्या दिवसात तेवढीच फट आहे. जिन्याच्या खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि मी वर होते. मधलं काही नाही. झोप लागली असं नाही, चक्कर आली असंही नाही. कापलेलं. मी आयुष्यभर हेच केलंय, मला जोड ओळखता येतो.

दुखत नाही.

२१ मार्च

काकू हल्ली पडद्यापासून उठत नाहीत. काका ताट तिथेच नेऊन देतात. काल काकूंनी माझ्या खोलीत बबडीचे दोन ड्रेस इस्त्री करून ठेवले. म्हणाल्या, तुझे कपडे चुरगळलेले असतात, घाल हो यातले, पडूनच आहेत. पिवळा आणि एक निळ्या चौकड्यांचा.

मी नको म्हटलं.

संध्याकाळी आरशात बघितलं तर निळा अंगात.

दोघं खोलीत माझ्याबरोबर बसले की काही होत नाही. त्यांनी करून बघितलंय. मी एकटी असले तरच. म्हणून ते खाली जातात आणि तिथून बघतात. मला एकटं पाडतात.

२३ मार्च

आज काकू बोलल्या. मी विचारलं नव्हतं. मी खाली पाणी प्यायला गेले तर त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या,

‘त्या दिवशीही आम्ही इथेच बसलो होतो. दोघं. मटार सोलत.’

मी बसले.

‘दिसत होती ना ती. टेबलाशी बसलेली, लिहीत होती काहीतरी. मी यांना म्हटलंसुद्धा, बघा किती शांत बसलीय आज.’

त्यांनी पडद्यावरची धूळ पदराने पुसली. काका दारात उभे होते.

‘मटार संपले,’ काकू म्हणाल्या, ‘तरी ती लिहीतच होती पडद्यावर. मी म्हटलं, चहा नेऊन देते वर.’

बाकीचं काकांनी सांगितलं, भिंतीकडे बघत. डबा तेव्हाही भरला होता. नेटवर्कवाल्याने तेव्हाही सांगितलं होतं. या रविवारी करू, त्या रविवारी करू. काकू चहा घेऊन वर गेल्या तेव्हा बबडी खुर्ची आणि पलंगाच्या मधे पालथी पडली होती, केव्हाची. आणि खाली, काका त्यांची किंकाळी ऐकून उठले तेव्हा, पडद्यावर ती बसून लिहीत होती.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मटारांचा विचार करत होते. त्यांचं पुढे काय केलं असेल.

२५ मार्च

बहिणीचा फोन. तिला माझा आवाज बरा वाटला नाही. म्हणाली, उद्याच निघून ये, काम गेलं खड्ड्यात, मी गाडी पाठवते. मी बरं म्हटलं. खरंच जायचं ठरवलं. बॅग भरली, चेन लावली, दाराशी आणून ठेवली.

मग बॅग पलंगावर होती. उघडी. कपडे कपाटात, पण माझ्या घड्या अशा नसतात.

फोनमध्ये बहिणीला गेलेला निरोप. मी बरी आहे, इतक्यात येत नाही, शिकवण्या आहेत.

शिकवण्या.

२६ मार्च

नेटवर्कवाला आपणहून आला, नव्या डिस्का घेऊन. अर्ध्या तासात बसवतो म्हणाला, डबा परत पळायला लागेल. काकांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, अहो ताई, तुम्ही तरी सांगा यांना. मी तोंड उघडलं—

तो निघून गेला होता. फाटक हलत होतं. काय बोलले मी त्याला?

काका म्हणाले, छान समजावलंस.

२७ मार्च

जुनं शोधून पाहिलं. ती मधल्या कुठल्याही दिवसांतून येत नाही. क्रमाने येते. पहिल्या टोस्टच्या वेळी केस लांब होते. बागेच्या दारात खांद्यापर्यंत. आता कापलेले, शेवटी होते तसे. एकेक तुकडा शेवटच्या दिवसाकडे सरकतोय. काकांना हे कधीच कळलंय. त्यांनी तारखा जुळवल्या आहेत, शेवटचा दिवस परवा येतो.

काकूंच्या कंबरेला छोटी पिशवी असते हल्ली. नाकात मारायचा फवारा, झटका थांबवणारा. जिन्याची सतरंजी काढून टाकली, पाय अडकू नये म्हणून.

या वेळी ते वेळेवर पोचणार आहेत.

मी काकांना म्हटलं, पण त्या खोलीत मी असणार.

ते म्हणाले, हो ग बाळ, म्हणून तर.

२८ मार्च

डावा हात बधिर. खांद्यापासून बोटांपर्यंत. बबडी झटक्याच्या आधी तो हात चोळायची, मी कितीदा बघितलंय, कितीदा ‘ठेवा’ या बाजूला टाकलंय.

मला कधीच झटके आले नाहीत. हे लिहून ठेवते. मला कधीच.

दुपारी कपाट उघडून मी डब्याची वायर ओढून काढली. दिवे विझले. घर किती शांत झालं. आणि मला एकदम आईचा चेहरा दिसला, दवाखान्यातला, ओठ सुकलेले, आणि घशात काहीतरी आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा—

काकांनी माझा हात धरला. जोरात नाही. हात जोडले त्यांनी. पुलांखाली उभं राहून पुलांना नाकारणारा माणूस, जिन्याखाली गुडघ्यांवर. म्हणाले, उद्या एक दिवस. मग सगळं पुसून टाक, डबा फोडून टाक, मी हातोडी देतो.

वायर त्यांनी लावली. दिवे एकेक करून हिरवे झाले.

घशातलं गेलं. आता काही वाटत नाही.

२९ मार्च

सकाळ

दार उघडं आहे, कुणी कोंडलेलं नाही. मी फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी हातात. मग खुर्ची. टेबल. पिवळा ड्रेस.

पुन्हा गेले. पुन्हा खुर्ची. किती वेळा, मोजलं नाही.

आता जात नाही.

दुपार

काकांना एकच गोष्ट निक्षून सांगितली. पडद्यावर विसंबू नका. जिन्यात उभे राहा, कान देऊन. चित्र उशिरा येतं. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, मोजलंय मी, आज जेमतेम पाच श्वासांचा फरक आहे, रात्रभर जागून थोडी जागा करून ठेवली. पण जिन्यात उभं राहिलं तर ती येत नाही. काल करून बघितलं. बैठकीतच बसावं लागतं.

थोडी जागा. आज दिवसभरात मी किती वेळा फाटकापर्यंत गेले आणि आले. सगळं त्यात भरलं असेल. हे मी त्यांना सांगितलं का? सांगायचं ठरवलं होतं. मग खुर्ची.

नंतर

माझ्या समोरच्या कॉम्प्युटरवर पण चालू चित्र दिसतं. आत्ता लावलं. ही खोली. खोली रिकामी आहे. खुर्चीत कुणी नाही.

मी खुर्चीत आहे.

अजून बघते आहे. आता दारातून कुणीतरी आत आलं. पिवळा. मीच. खुर्ची ओढली, बसले. हे केव्हाचं? मी बसल्यापासून वहीची दोन पानं लिहून झाली. पाच श्वास नाहीत, काका— फार मागे आहे, फार—

हाक मारली. आवाज निघाला की नाही, कळलं नाही. जीभ जड. तोंडात लोखंडासारखी चव.

जिन्यापर्यंत जायला हवं. पाय माझे नाहीत.

खालून आवाज येतायत. दोघं बसलीयत. काकू काहीतरी म्हणतायत— काका हं म्हणाले—

पडद्यावर मी पेन उचलते आहे. पहिली ओळ लिहिते आहे. चेहरा कसा शांत—

पुन्हा हाक मारली. त्यांना वाटेल जुनी आहे, चित्रणातली—

हात

टेबल धरलंय. सुटतंय. आता नीट ऐकू आलं खालचं. काकू म्हणतायत, बघा हो, किती शांत बस